न विणलेल्या कापडाचे नाव

वस्तूचे नाव तिच्या स्वरूपातून येते की माणसाच्या व्यवहारातून, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. न्याय-वैशेषिकांनी नावामागे खरीखुरी जाती मानली. बौद्ध तार्किकांनी ती नाकारली. वैयाकरणांनी शब्दाच्या बाजूने याच प्रश्नाचा शोध घेतला. हा वाद पोथ्यांपुरता उरलेला नाही. न्हावा-शेव्याला उतरणाऱ्या प्रत्येक कंटेनरपुढे तो रोज नव्याने उभा राहतो, कारण माल सोडवण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते: ही वस्तू नेमकी काय आहे? सीमाशुल्काच्या भाषेत त्या उत्तराला वर्गीकरण म्हणतात. शुल्काचा दर, परवाना, मानकांची सक्ती, करारातली सवलत हे सारे त्यावर ठरते. कृत्रिम तंतूंचे न विणलेले कापड, म्हणजे बाजारातले नॉनवोव्हन, या प्रश्नाची कसोटी पाहणारी वस्तू आहे. ते कापड, प्लास्टिक आणि नमदा या तिघांच्या शिवेवर उभे आहे. त्याला नाव देताना नामकरणाचे तत्त्व उघडे पडते आणि नाव देणाऱ्याचे कर्तव्यही.

वस्तू आणि तिची जागा

पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक साधारण १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळते. त्याचा वितळलेला रस असंख्य बारीक छिद्रांच्या तबकडीतून दाबून बाहेर काढतात, हवेच्या झोताने ओढून त्याचे अखंड तंतू करतात आणि ते सरकत्या जाळीदार पट्ट्यावर वाटेल तसे पसरू देतात. हा थर तापलेल्या नक्षीदार रुळांमधून गेला की ठिकठिकाणी तंतू एकमेकांत वितळून चिकटतात. याला स्पनबाँड म्हणतात. असे कापड उजेडासमोर धरले तर चिकटलेल्या जागांच्या ठिपक्यांच्या रांगा दिसतात आणि मधल्या जागेत केसासारखे तंतू आडवेतिडवे पडलेले दिसतात. साडीच्या पदराचा धागा ओढला तर तो सरळ निघून येतो. इथे ओढण्यासारखा धागाच नसतो, ओढले तर तुसे निघतात आणि कापड फाटते.

बनवण्याच्या इतर रीतीही आहेत. मेल्टब्लोनमध्ये तप्त हवेच्या वेगवान झोताने रसाचे काही मायक्रॉन जाडीचे तंतू होतात. मुखपट्टीतला गाळणीचा थर असाच बनतो. स्पनलेसमध्ये व्हिस्कोज किंवा पॉलिएस्टरचे आखूड तंतू पाण्याच्या जोरदार धारांनी एकमेकांत गुंतवतात. नीडलपंचमध्ये खाचांच्या सुया तंतूंच्या थरातून खालीवर जाऊन तंतू अडकवतात.

या सगळ्यांना जागा देणारी यादी म्हणजे हार्मोनाइज्ड सिस्टिम. तिचा करार १९८३ मध्ये ब्रुसेल्सला झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून तो अमलात आला. आज जागतिक सीमाशुल्क संघटना ही यादी सांभाळते. भारताचा १९७५ चा सीमाशुल्क दर कायदाही याच चौकटीवर बेतलेला आहे. यादीचे २१ विभाग आहेत. अकराव्या विभागात, ५० ते ६३ या प्रकरणांत, वस्त्रे आणि वस्त्रांच्या वस्तू येतात. प्रकरण ५६ मधले ५६०३ हे शीर्षक नॉनवोव्हनचे. त्याचे आधी दोन भाग पडतात: मानवनिर्मित अखंड तंतूंचे आणि इतर. मग प्रत्येक भागाचे चौरस मीटरच्या वजनावरून चार गट होतात: २५ ग्रॅमपर्यंत, २५ च्या वर ७० पर्यंत, ७० च्या वर १५० पर्यंत आणि १५० च्या वर. स्पनबाँड पहिल्या भागात जाते, तर आखूड तंतूंचे स्पनलेस दुसऱ्यात.

कापड कशाला म्हणावे

कार्यकारणभाव समजावताना नैयायिकांचे एक आवडते उदाहरण आहे ते धागा आणि वस्त्राचे, तंतू आणि पटाचे. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’वर आजही न्यायाचे विद्यार्थी धडे गिरवतात, आणि त्यातही हेच उदाहरण येते. धागे हे पटाचे समवायिकारण, कारण पट त्यांच्यात राहतो. धाग्यांचा परस्परसंयोग हे असमवायिकारण. विणकर आणि त्याचा माग ही निमित्तकारणे. पट तयार झाला की धाग्यांहून वेगळे असे एक नवे द्रव्य, अवयवी, जन्माला येते, असे न्याय मानतो. सांख्यांच्या मते पट आधीपासूनच धाग्यांत अव्यक्त रूपात असतो. बौद्धांच्या मते धाग्यांपलीकडे पट नावाचे वेगळे काही नाहीच, ‘पट’ ही सोयीची भाषा आहे.

न विणलेले कापड या जुन्या उदाहरणाला नवे वळण देते. इथे सूत कातलेले नाही, माग नाही, ताणाबाणा नाही. समवायिकारण आहेत सुटे तंतू, असमवायिकारण आहे त्यांचे वितळून चिकटणे किंवा गुंतणे. तरीही तयार झालेली वस्तू दुमडते, शिवता येते, अंगावर पांघरता येते. न्यायाच्या दृष्टीने हा अवयवी खरा आहे, फक्त त्याच्या संयोगाची जात बदलली आहे. आणि सीमाशुल्काचे नियमही या संयोगालाच विचारतात. केवळ ‘पॉलिएस्टरचे आहे’ एवढ्याने काम भागत नाही. तंतू अखंड की आखूड, ते कशाने बांधले आहेत, सुया मारल्या असतील तर तेवढ्यावरच काम थांबले की त्या दुसऱ्या बांधणीला पूरक आहेत, हे सांगावे लागते. आखूड तंतूंच्या थरात केवळ सुया मारून घट्ट केलेली वस्तू ५६०२ मध्ये, नमद्याच्या शेजारी जाते. अखंड तंतूंचा थर सुयांनी घट्ट केला तर तो ५६०३ मध्ये राहतो. पदार्थ तोच, तंतूही दिसायला सारखेच, पण कारणसामग्री बदलली की नाव बदलते.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७८ मध्ये असाच एक प्रश्न आला होता. कागद बनवण्याच्या यंत्रात ओला कागद सुकवण्यासाठी वापरले जाणारे जाड पट्टे, ड्रायर फेल्ट, यांना विक्रीकराच्या कायद्यातील ‘वस्त्र’ म्हणावे का? न्यायालयाने हो म्हटले. वस्त्राची कल्पना गोठलेली नाही, नवे पदार्थ आणि नव्या पद्धती येतील तशी ती वाढत जाते, विणकामाला केवळ ताण्याबाण्याच्या रीतीत कोंडून ठेवणे शहाणपणाचे नाही, अशी त्या निर्णयाची भूमिका होती. ते पट्टे विणलेलेच होते, त्यामुळे नॉनवोव्हनचा प्रश्न तिथे सुटला असे म्हणता येत नाही. पण नाव जिवंत असते आणि नव्या वस्तूला सामावून घेताना त्याचा अर्थ रुंदावतो, हे तत्त्व तिथे मान्य झाले.

नकारातून व्याख्या

नॉनवोव्हन हे नावच नकाराचे आहे: जे विणलेले नाही ते. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातल्या दिङ्नागाने शब्दार्थाविषयी अपोहाचा सिद्धान्त मांडला. ‘गाय’ हा शब्द गोत्व नावाची कोणतीही जाती दाखवत नाही, तो फक्त जे गाय नाही त्याला बाजूला सारतो, असे त्याचे म्हणणे. सीमाशुल्काची यादी वाचताना या सिद्धान्ताची आठवण पानोपानी होते. ५६०३ चा दुसरा भाग ‘इतर’ आहे, म्हणजे अखंड मानवनिर्मित तंतूंचे जे नाही ते सारे. जवळजवळ प्रत्येक शीर्षकाच्या शेवटी ‘इतर’ची एक ओळ असते. तिच्यात येणाऱ्या वस्तूंमध्ये समान धर्म एकच, वरच्या कोणत्याही ओळीत न बसणे.

पण निव्वळ नकाराने व्यवहार चालत नाही. न विणलेले तर लाकूडही असते आणि काचही. म्हणून लक्षण लागते. न्यायशास्त्राने लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. लक्षण ज्यांना लागू व्हायला हवे त्यातल्या काहींना सोडत असेल तर अव्याप्ती. नको त्यांनाही कवेत घेत असेल तर अतिव्याप्ती. कुणालाच लागू होत नसेल तर असंभव. नव्य नैयायिक लक्षणात एकेक शब्द घालत, काढत, हे दोष टाळतात आणि त्या कामाला परिष्कार म्हणतात. दर कायद्यातल्या प्रकरणाच्या टिपा हाच परिष्कार करतात.

प्रकरण ५६ ची तिसरी टीप पाहावी. तिचा पहिला अर्धा भाग अव्याप्ती टाळतो: प्लास्टिक किंवा रबराने भिजवलेले, लेप दिलेले, थर चिकटवलेले नॉनवोव्हनही ५६०३ मध्येच येते. प्लास्टिक हेच तंतू बांधणारे द्रव्य असले तरीही. दुसरा अर्धा भाग अतिव्याप्ती टाळतो: कापड प्लास्टिकमध्ये पूर्ण बुडालेले असेल, किंवा दोन्ही बाजूंनी संपूर्ण लेपलेले असेल आणि तो लेप नुसत्या डोळ्यांना दिसत असेल, तर ते प्लास्टिकच्या प्रकरणात जाते. लेपामुळे रंग बदलला असेल तर तो बदल मात्र हिशेबात धरायचा नाही. बाळाच्या डायपरच्या बाहेरच्या बाजूचे, एकाच अंगाला पातळ फिल्म चिकटवलेले कापड म्हणून कापडातच राहते.

या छोट्या टिपेत दोन तात्त्विक निर्णय दडलेले आहेत. पहिला प्रत्यक्ष प्रमाणाविषयी. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा लेप पुरेसा नाही, माणसाच्या साध्या डोळ्याला दिसला पाहिजे. म्हणजे वस्तूची ओळख ठरवण्याचा अधिकार कायद्याने प्रयोगशाळेच्या आधी सामान्य माणसाच्या अनुभवाला दिला. दुसरा निर्णय द्रव्य आणि गुण यांच्या भेदाविषयी. वैशेषिक दर्शनात रंग, म्हणजे रूप, हा गुण आहे आणि गुण द्रव्याच्या आश्रयाने राहतो. रंग बदलला म्हणून द्रव्य बदलत नाही. लेप दिसायला हवा तो एक वेगळे द्रव्य म्हणून, आणि केवळ रंगछटेवरून त्याचे अस्तित्व मानायचे नाही, हे कायद्याचे म्हणणे वैशेषिकाला तत्काळ पटले असते.

त्याच प्रकरणाची पहिली टीप आणखी एक भेद करते. सुगंधी द्रव्य, प्रसाधन, साबण किंवा पॉलिश यांत भिजवलेले नॉनवोव्हन, जिथे कापड केवळ ते द्रव्य वाहून नेण्यापुरते आहे, तिथे वस्तूचे नाव त्या द्रव्यावरून पडते. ओल्या पुसणीत कापड डोळ्यांना दिसते, हाताला लागते, वजनातही असते, पण ती विकत घेणारा साबण किंवा प्रसाधनासाठी घेतो. प्रधान काय आणि अंगभूत काय, हा मीमांसकांचा शेष-शेषीचा विचार इथे पुन्हा भेटतो. जे दुसऱ्यासाठी आहे ते शेष. पुसणीतले कापड शेष आहे, म्हणून नाव शेषीचे.

पंचवीस ग्रॅमची रेषा

वजनाच्या रेषा या प्रश्नाला आणखी टोक आणतात. चौरस मीटरला २५ ग्रॅमचे कापड आणि २६ ग्रॅमचे कापड हाताला सारखेच लागते. डोळ्यांनाही फरक कळत नाही. तरी पहिले ५६०३११ आणि दुसरे ५६०३१२. एका ग्रॅमने वस्तूची जात बदलली का?

वजन मोजण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. गोल कटरने कापडातून बरोबर १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापतात. तिचा व्यास ११ सेंटिमीटरहून थोडा जास्त असतो. ती बारीक तराजूवर ठेवतात आणि ग्रॅममधल्या आकड्याला १०० ने गुणतात. चकती ०.२५ ग्रॅम भरली तर कापड २५ जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला २५ ग्रॅमचे. पण एकाच रोलच्या काठाजवळ ०.२४६ भरते, मध्यावर ०.२५४. तंतू पट्ट्यावर पडताना कुठे दाट पडतात, कुठे विरळ. शितावरून भाताची परीक्षा करायची तर भात सारखा शिजलेला हवा. म्हणून रुंदीभर अनेक चकत्या कापून सरासरी काढणे हीच प्रामाणिक रीत. एकच सोयीची चकती कापणे म्हणजे शीत निवडून घेणे.

दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी जाती मानण्याच्या आड येणाऱ्या सहा बाधकांची मांडणी केली. त्यांतला एक संकर. दोन धर्म एकमेकांना सोडून वेगवेगळ्या ठिकाणी राहत असतील आणि तिसऱ्या ठिकाणी दोन्ही एकत्र येत असतील, तर दोघांनाही खरी जाती म्हणता येत नाही. नॉनवोव्हनला ही कसोटी लावली की चित्र स्वच्छ होते. बादलीत प्लास्टिकपण आहे, कापडपण नाही. सुती धोतरात कापडपण आहे, प्लास्टिकपण नाही. पॉलिप्रॉपिलीनच्या स्पनबाँडमध्ये दोन्ही आहेत. म्हणजे ‘प्लास्टिक’ आणि ‘कापड’ ही दोन खाती निसर्गाने घातलेली नाहीत. नैयायिक अशा धर्माला उपाधी म्हणतात. उपाधी खोटी नसते. ती वस्तूच्या खऱ्या गुणधर्मांवरच उभी असते, पण तिची सीमा माणसाने आखलेली असते. अकराव्या विभागाच्या टिपेत तर ही सीमा मिलिमीटरमध्ये दिली आहे: प्लास्टिकच्या एकेरी तंतूची जाडी १ मिलिमीटरपेक्षा अधिक असेल तर तो प्लास्टिक, तेवढी किंवा कमी असेल तर वस्त्राचा तंतू. प्लास्टिकच्या पट्टीसाठी तीच रेषा ५ मिलिमीटर रुंदीवर आहे.

रेषा उपाधीची आहे म्हणून ती लहरी ठरत नाही. शेताचा बांधही माणसानेच घातलेला असतो, पण तो घातल्यावर दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना तो बांधतो. २५ ग्रॅमच्या रेषेने जगभरच्या व्यापाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना एकाच भाषेत बोलता येते, ही तिची किंमत आहे.

नियमांचा क्रम

एका वस्तूवर दोन शीर्षकांनी दावा केला तर काय करायचे, याचे सहा सर्वसाधारण नियम यादीच्या आरंभीच दिलेले आहेत. पहिला नियम सांगतो की विभागांची आणि प्रकरणांची नावे केवळ सोयीसाठी आहेत, कायद्याने बांधतात ती शीर्षकांची शब्दरचना आणि टिपा. तिसरा नियम तीन पायऱ्यांचा आहे. आधी सामान्य वर्णनापेक्षा विशेष वर्णन श्रेष्ठ. त्याने निकाल लागला नाही तर वस्तूला तिचे मूळ स्वरूप देणारा घटक पाहायचा. तोही सापडला नाही तर दावा करणाऱ्या शीर्षकांपैकी क्रमाने शेवटचे घ्यायचे.

यातली पहिली आणि शेवटची पायरी संस्कृत व्याकरण शिकलेल्याला घरची वाटते. पाणिनीय परंपरेत सामान्य नियमाला उत्सर्ग आणि विशेष नियमाला अपवाद म्हणतात, आणि अपवाद उत्सर्गाला बाजूला सारतो. आणि ‘अष्टाध्यायी’च्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादातले दुसरे सूत्र सांगते की तुल्यबळ नियमांचा विरोध आला तर क्रमाने पुढचा नियम लागू करावा. या दोन यंत्रणांमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे, एकीने दुसरीकडून घेतल्याचे म्हणायला आधार नाही. तरी दोघी एकाच ठिकाणी पोचल्या. मोठी, बंदिस्त आणि क्रमबद्ध नियमावली बनवणाऱ्याला शेवटी मान्य करावे लागते की काही वाद वस्तू पाहून सुटत नाहीत, ते क्रमाने सोडवावे लागतात. अकराव्या विभागात मिश्र तंतूंच्या कापडालाही हाच न्याय आहे: जो तंतू वजनाने अधिक तो नाव देतो, कुणीच अधिक नसेल तर ज्याचे शीर्षक शेवटी येते तो देतो.

मधली पायरी, मूळ स्वरूपाची, ही खरी तात्त्विक पायरी. वस्तूला ती जे आहे ते कोण करते? आकारमान, वजन, किंमत, की वापरातली भूमिका? नियम यांपैकी एकाला कायमचा अग्रक्रम देत नाहीत. प्रत्येक वस्तूपुढे विचार नव्याने करावा लागतो, आणि त्याची कारणे लिहून द्यावी लागतात.

एक वस्तू, दोन नावे

नाव संदर्भानुसार बदलते याचा पुरावा भाजीबाजारातल्या पिशवीत आहे. पॉलिप्रॉपिलीन स्पनबाँडचा रोल ५६०३ खाली वस्त्र म्हणून येतो. त्याच्याच शिवलेल्या पिशव्या ३१ डिसेंबर २०१८ च्या वस्तू व सेवा कराच्या परिपत्रकाने ३९२३ खाली, प्लास्टिकच्या पिशव्यांत, घातल्या. पर्यावरणाच्या नियमांनीही या पिशवीला प्लास्टिकच मानले: २०२१ च्या दुरुस्तीने ३० सप्टेंबर २०२१ पासून न विणलेल्या प्लास्टिक पिशवीचे वजन चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा कमी असता कामा नये असे ठरले. ग्राहक मात्र तिला ‘कापडी पिशवी’ म्हणून हातात घेतो. तिचा छोटा तुकडा पाण्यात टाकला तर तो तरंगतो, कारण पॉलिप्रॉपिलीनची घनता पाण्याहून कमी, ०.९ च्या आसपास असते. पॉलिएस्टरचा तंतू बुडतो, त्याची घनता १.३८ च्या जवळ असते. पिशवीचा तुकडा ज्योतीजवळ नेला तर तो आक्रसून वितळतो आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. कचऱ्यात गेल्यावर तो कुजत नाही. कर पदार्थाचा विचार करतो, पर्यावरणाचा नियम परिणामाचा, आणि ग्राहक स्पर्शाचा. तिघांची नावे वेगळी, पण प्रत्येक नावामागे एक खरा धर्म आहे.

लोकव्यवहारातल्या अर्थाला कायद्यात मोठे वजन आहे, हे अकोल्याच्या एका खटल्याने पक्के केले. विड्याची पाने ‘भाजी’त येतात का, असा प्रश्न विक्रीकराच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १९६१ मध्ये न्यायालयाने नाही म्हटले. वनस्पतिशास्त्राचा अर्थ बाजूला ठेवून, बाजारात जाणारा माणूस भाजी म्हणून काय घेतो ते पाहायचे, हे सूत्र तिथे लागू झाले. पण जिथे कायद्याने स्वतःच व्याख्या किंवा टीप दिली आहे तिथे लोकव्यवहार मागे पडतो. भाषा आधी लोकांची, आणि शास्त्राने संज्ञा बांधल्यावर तेवढ्या क्षेत्रात शास्त्राची.

नावाचे वजन किती असू शकते ते २०२० मध्ये दिसले. मार्चमध्ये मुखपट्ट्यांसोबत त्यांच्या कापडाच्या कच्च्या मालाच्या निर्यातीवरही भारताने बंदी घातली. जुलैमध्ये ती सैल करताना २५ ते ७० जीएसएमचे नॉनवोव्हन आणि मेल्टब्लोन कापड बंदीत ठेवले, बाकीचे नॉनवोव्हन मोकळे केले. एरवी आकडेवारीसाठी आखलेली वजनाची रेषा त्या महिन्यांत रुग्णालयातल्या परिचारिकेच्या अंगावरच्या झग्यापर्यंत पोचली होती. २४ की २६ हा प्रश्न त्या वेळी कुणाच्या तरी श्वासाचा होता.

खरे सांगण्याची जबाबदारी

नागार्जुनाच्या माध्यमिक परंपरेने दोन सत्ये मानली: संवृतिसत्य, म्हणजे व्यवहारातले, आणि परमार्थसत्य. अद्वैत वेदान्तानेही व्यावहारिक आणि पारमार्थिक असा भेद केला. दोन्ही परंपरांनी एक गोष्ट मात्र कधी म्हटली नाही: व्यवहार अंतिम नाही म्हणून त्यात खोटे बोललेले चालते. व्यवहारातही खरे-खोटे असतेच, आणि त्याची कसोटीही व्यवहारातच असते. ५६०३ ही परमार्थातली जाती नाही. पण रोलवर २५ जीएसएम लिहून आत ४० जीएसएमचे कापड भरणे हे संपूर्ण खोटे आहे.

हे भान जुने आहे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त दुसऱ्या अधिकरणाचा एकविसावा अध्याय शुल्काध्यक्षाचा आहे. शुल्काच्या भीतीने मालाचे प्रमाण किंवा मूल्य कमी सांगणाऱ्याचा जास्तीचा माल राजाने घ्यावा किंवा त्याच्याकडून आठपट शुल्क वसूल करावे, असे तिथे सांगितले आहे. हलका नमुना दाखवून किंमत पाडणे आणि चांगला माल हलक्या मालाखाली झाकणे यांनाही तीच शिक्षा. नमुन्याची लबाडी तेव्हाही माहीत होती.

आजचा कायदा या जबाबदारीचा मोठा वाटा आयातदारावरच टाकतो. २०११ पासून १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे आयातदार स्वतःच्या शुल्काचे निर्धारण स्वतः करतो. कलम ४६ प्रमाणे बिल ऑफ एंट्रीतल्या, म्हणजे आयातीच्या घोषणापत्रातल्या, मजकुराच्या सत्यतेचे कथन त्याला करावे लागते, आणि २०१८ मध्ये त्यात जोडलेल्या पोटकलमाने माहितीची अचूकता, पूर्णता आणि कागदपत्रांचा खरेपणा यांची खात्री करणेही त्याच्याच माथी आले. म्हणजे नामकरण हे प्रतिज्ञेसह केलेले विधान झाले.

नॉनवोव्हनच्या बाबतीत हे विधान खरे ठरायला काय लागते, ते वरच्या विवेचनातूनच निघते. तंतू कोणता आणि अखंड की आखूड, बांधणी कशाची, चौरस मीटरचे वजन किती आणि ते कसे मोजले, लेप आहे का, एका बाजूला की दोन्ही, डोळ्यांना दिसतो का, कापड दुसऱ्या द्रव्याचे वाहक आहे का, माल रोलमध्ये आहे की शिवून वस्तू झालेली आहे, आणि उगम कुठला. बीजक, पॅकिंग लिस्ट, उत्पादकाचे तांत्रिक माहितीपत्रक आणि प्रत्यक्ष माल या चौघांनी यांपैकी प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिले पाहिजे. शिवाय भू-वस्त्रे, शेतीची वस्त्रे, वैद्यकीय वस्त्रे यांच्या काही प्रकारांना वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशांनी भारतीय मानकांचे बंधन आणले आहे. तिथे वापर लपवणे हेही नाव लपवणेच ठरते.

इथे दोन थर वेगळे ठेवायला हवेत. एक थर वस्तुस्थितीचा: वजन, तंतू, बांधणी, लेप. दुसरा नावाचा: त्या वस्तुस्थितीवरून निघणारे शीर्षक. पहिल्या थरात प्रामाणिक माणसांत मतभेदाला जागा फार थोडी. दुसऱ्यात भरपूर, कारण नाव उपाधी आहे आणि उपाधीचा अर्थ लावावा लागतो. कायदाही हा भेद ओळखतो. मालाचे वर्णन खरे देऊन विशिष्ट वर्गीकरणाचा किंवा सवलतीचा दावा करणे ही आयातदाराची समजूत आहे, तिला चुकीची घोषणा म्हणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये नॉर्दर्न प्लास्टिक्स प्रकरणात सांगितले. कलम २८ प्रमाणे कमी भरलेल्या शुल्काची मागणी सामान्यतः दोन वर्षांच्या आत करायची असते. संगनमत, हेतुपुरस्सर खोटे विधान किंवा माहिती दडवणे असेल तर ती मुदत पाच वर्षांची होते. समजुतीची चूक आणि लबाडी यांतले अंतर कायद्याने काळात मोजले आहे.

शंका असेल तर आधी विचारण्याची वाटही आहे. सीमाशुल्काचे अग्रिम निर्णय प्राधिकरण मुंबईत आणि दिल्लीत काम करते आणि माल येण्यापूर्वी वर्गीकरणाचा प्रश्न त्याच्यापुढे मांडता येतो. चूक नंतर ध्यानात आली तर ती स्वतःहून सुधारण्यासाठी २०२५ च्या वित्त कायद्याने माल सोडवल्यानंतरही नोंद दुरुस्त करण्याची तरतूद कलम १८अ मध्ये आणली. धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताला जी जागा आहे, तिच्याशी याचे नाते जोडता येते: दुसऱ्याने पकडण्यापूर्वी स्वतः सांगितलेली चूक वेगळ्या मापाने मोजली जाते.

नावे माणसाने दिलेली असतात, हे बौद्धांचे म्हणणे नॉनवोव्हनच्या बाबतीत मान्य करावे लागते. ती नावे वस्तूच्या खऱ्या धर्मांवर टेकलेली असतात, हे नैयायिकांचे म्हणणेही सोडता येत नाही. दोन्ही एकत्र घेतली की कर्तव्य स्पष्ट होते. शीर्षक कोणते, यावर वाद घालावा, कारणे द्यावीत, निर्णय मागावा. पण तराजूवरच्या चकतीने जे वजन दाखवले, तेच कागदावर उतरवावे.